शनवार तेली आणि तेलाचा सण

डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारलाच अंधारून येतं. अशा एखाद्या संध्याकाळी गोल्डर्स ग्रीनच्या बाजूने चालत गेलात तर खिडक्यांकडे जरा लक्ष द्या. काही घरांत, काचेच्या अगदी जवळ, बाहेरून दिसेल अशा बेताने मेणबत्त्या लावलेल्या असतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ. शिवाय बाजूला किंवा थोडी उंचावर एक जादा. ट्रॅफल्गर चौकातही २००७पासून मोठी दीपमाळ उभी राहते, नॉर्वेकडून दरवर्षी येणाऱ्या ख्रिसमसच्या झाडाच्या शेजारीच. हा हनुक्का, ज्यू लोकांचा हिवाळ्यातला सण.

आपल्यापैकी बहुतेकांना त्याची ओळख वर्गातल्या किंवा फ्लॅटमधल्या एखाद्या ज्यू मित्रामुळे होते. तो सांगतो, “तुमच्या दिवाळीसारखंच आहे रे.” आपण मान डोलावतो, त्याने दिलेला डोनट खातो आणि विषय संपतो.

पण या सणात एक अस्सल मराठी कोडं दडलेलं आहे. ते थोडक्यात असं. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात शेकडो वर्षं ज्यू लोक राहत आले आहेत. त्यांची मातृभाषा मराठी. आडनावं केहिमकर, पेणकर, राजपूरकर, नवगावकर. पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. आणि ज्या सणाची सगळी कथा तेलाभोवती फिरते, तो हनुक्का या तेल्यांना ठाऊकच नव्हता.

का बरं ठाऊक नसावा? या एका प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं वाद झाला आहे. वाद वरवर सणाचा, पण त्याच्या तळाशी ‘तुम्ही कोण, कुठून आलात आणि खरे ज्यू आहात का’ हा प्रश्न होता. म्हणून आधी सणाचं मूळ बघू, मग कोकणात येऊ.

आठ दिवस, पण तेल कुठे आहे?

इ.स.पू. १७५मध्ये सेल्युसिड घराण्यातला चौथा अँटायोकस गादीवर आला. हे घराणं अलेक्झांडरच्या एका सेनापतीचं, भाषा-संस्कृतीने ग्रीक, राज्य सीरिया आणि आसपासच्या मुलखावर. जेरुसलेम त्याच्याच ताब्यात होतं. इ.स.पू. १६७च्या सुमारास त्याने सुंता, शब्बाथ अशा ज्यू आचारांवर बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. मोदीन गावातल्या मत्तथिया नावाच्या पुरोहिताच्या घरातून बंड उठलं. त्याचा मुलगा यहुदा, टोपणनाव मक्काबी, याने डोंगरांतून लपतछपत लढाई केली. अशा लढाईला आपण गनिमी कावा म्हणू. इ.स.पू. १६४मध्ये किसलेव महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला त्यांनी मंदिर शुद्ध करून पुन्हा देवाला वाहिलं. हनुक्का या शब्दाचा अर्थच समर्पण.

आता गंमत बघा. या घटनेच्या सर्वात जवळचा लेखी आधार म्हणजे ‘मक्काबी’ नावाचे दोन ग्रंथ. पहिल्यात लढाई आहे, वेदी आहे, आठ दिवसांचा उत्सव आहे. तेलाचा चमत्कार नाही. दुसऱ्यात आठ दिवसांचं कारण दिलंय, तेही वेगळंच. लढाईच्या दिवसांत डोंगरात लपून राहिल्यामुळे सुक्कोथ हा मांडवांचा सण हुकला होता, तो त्यांनी उशिरा, त्याच थाटात साजरा केला. तेल तिथेही नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा इतिहासकार जोसेफस या सणाला ‘प्रकाश’ म्हणतो, पण हे नाव का पडलं याबद्दल नुसता अंदाज करतो.

एका दिवसापुरतं शुद्ध तेल सापडलं आणि ते आठ दिवस पुरलं, ही आज सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ताल्मूदमध्ये येते. बाबिलोनियातला हा ग्रंथ मूळ घटनेनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी आकाराला आला. मधल्या काळात मक्काबींच्या वंशजांनी राज्य केलं, आपसात भांडले आणि शेवटी रोमनांना वाट मोकळी करून दिली. रब्बींना या घराण्याचं फारसं कौतुक उरलं नव्हतं आणि म्हणून त्यांनी सणाचा भर तलवारीवरून दिव्यावर आणला, असं अनेक अभ्यासक मानतात.

आणखी एक तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मक्काबींचे हे दोन्ही ग्रंथ हिब्रू बायबलमध्ये नाहीत. ते टिकले ग्रीक भाषेत, आणि सांभाळले ख्रिस्ती लोकांनी.

दिवे, वाद आणि भोवरा

दिवे कसे लावायचे यावरही ताल्मूदमध्ये वाद आहे. शम्मायच्या पंथाचं म्हणणं, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलचा पंथ म्हणाला, एकापासून सुरू करा आणि वाढवत न्या, पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. हिल्लेल जिंकला. या दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. तो उजेड फक्त बघण्यासाठी. म्हणून एक जादा दिवा लागतो, त्याला ‘शम्माश’ म्हणजे सेवक म्हणतात. इतर दिवे पेटवायचं काम त्याचं. आणि दिवा दारात किंवा खिडकीत हवा, कारण चमत्कार जगाला सांगायचा असतो.

कोणतं तेल चालेल, याचीही चर्चा तिथे आहे. आबाये नावाचे रब्बी सांगतात की त्यांचे गुरू आधी तिळाचं तेल शोधत, कारण ते जास्त वेळ जळतं. पुढे ते ऑलिव्हकडे वळले, कारण त्याचा प्रकाश जास्त स्वच्छ. तिळाचं तेल! कोकणातल्या एखाद्या शनवार तेल्याला या चर्चेत किती हक्काने भाग घेता आला असता.

तिथीचंही बघा. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, त्यातही अधिक महिना असतो. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे किसलेवच्या पंचविसाव्या तिथीपासून आठ दिवस मोजले की मधे अमावास्या येतेच. दिवाळीतल्या अमावास्येनंतरची पहिली किंवा दुसरी अमावास्या आली की हनुक्का. दोन्ही सण महिन्याच्या सर्वात काळोख्या रात्री धरून आहेत. तुमच्या मित्राची तुलना अगदीच वरवरची नव्हती म्हणायची.

बाकीच्या चालीरीती मात्र बऱ्याच अलीकडच्या आहेत. तेलात तळलेलं खायचं ही कल्पना जुनी, पण लाटके नावाची बटाट्याची तळलेली टिक्की जुनी कशी असेल? बटाटाच मुळी अमेरिकेतून आलेला. पूर्व युरोपात तो गरिबांचं रोजचं अन्न झाला, तेव्हा टिक्कीत शिरला. चार बाजूंचा ड्रेडल हा भोवरा तर मूळचा युरोपातला साधा जुगाराचा खेळ. इंग्लंडमध्ये त्याला टीटोटम म्हणत आणि तोही हिवाळ्यातच खेळत. एका अक्षरावर सगळं घ्या, एकावर निम्मं, एकावर काही नाही, एकावर भर घाला. जर्मन शब्दांची आद्याक्षरं यिद्दिशमध्ये गेली, हिब्रू लिपीत लिहिली गेली आणि मग त्यांचा नवा अर्थ लावला गेला: तिथे मोठा चमत्कार घडला.

ब्रिटनचा या सणाशी आणखी एक धागा आहे. १७४६मध्ये कलोडनच्या रणांगणावर स्कॉटिश जॅकोबाइट बंड मोडलं गेलं. त्या विजयाच्या गौरवासाठी हँडेलने ‘जुडास मॅकाबियस’ ही संगीतरचना केली. १७४७मध्ये ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिल्यांदा सादर झाली. म्हणजे बंडखोर मक्काबीचं नाव बंड चिरडणाऱ्या राजपुत्राच्या कौतुकासाठी वापरलं गेलं. तिच्यातली एक चाल आज हिब्रू शब्दांसह हनुक्काचं गाणं म्हणून गातात, आणि तीच चाल इंग्लंडच्या चर्चमध्ये ईस्टरला ऐकू येते. १८९१मध्ये लंडनमधल्या ज्यू मंडळींनी ‘मॅकाबियन्स’ नावाचा क्लब काढला. स्वतंत्र ज्यू राष्ट्राची कल्पना मांडायला थिओडोर हर्झल १८९५मध्ये लंडनला आले, ते याच क्लबसमोर बोलले. रब्बींनी बाजूला ठेवलेली तलवार अशी पुन्हा हातात आली.

एकूण काय, हा सण कधीच एका जागी थांबलेला नाही. आता कोकणात जाऊ.

खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण

बेने इस्रायल समाजाची स्वतःची कथा अशी. पूर्वज जहाजातून येत होते. चौलच्या बंदराजवळ, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावला पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. जे उरलं ते आठवणीत: आठव्या दिवशी सुंता, शनिवारची सुट्टी, खवले आणि पर असलेलेच मासे खायचे, आणि ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना, जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी.

सणही उरले, पण मराठी होऊन. भाद्रपद-आश्विनात वर्षारंभाचा नव्याचा सण. त्यानंतर तीन दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची खीर करून. दहाव्या तिथीला दरफळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, कडक उपास करायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. हा जगभरातल्या ज्यूंचा योम किप्पूर. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठी. फाल्गुन पौर्णिमेच्या सुमाराला होळीचा सण, म्हणजे पुरीम. वल्हांडणाच्या वेळी आनाशी ढाकाचा सण. घरात आंबट कालवणाचं भांडं असे, ते आठ दिवस झाकून ठेवत. मूळ कारण आंबवलेलं न खाण्याचं, पण ते कारण विसरलं गेलं आणि झाकण्याची क्रिया तेवढी राहिली. पावसाळ्यात बिरड्याचा सण. मंदिर पडल्याच्या दुःखाचा हा दिवस, त्याआधी मांस वर्ज्य आणि त्या दिवशी केळीच्या पानावर कडधान्याचं बिरडं. रायगडच्या कुठल्याही घराला हे नाव ऐकून भूक लागेल.

या यादीत हनुक्का नाही.

नसण्याचा पुरावा

या नसण्याला इतिहासाचा पुरावा बनवणारे गृहस्थ म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकर. मुंबईत १८७५मध्ये समाजासाठी शाळा काढणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांनी बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास १८९७मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

केहिमकरांचा युक्तिवाद सोपा आणि देखणा आहे. आमच्या पूर्वजांना हनुक्का माहीत नव्हता, म्हणजे हनुक्का सुरू होण्याआधीच त्यांनी देश सोडला. अँटायोकसच्या छळाच्या सुमारास, साधारण इ.स.पू. १७५मध्ये. उणिवेतून प्राचीनत्व सिद्ध झालं. आम्ही अर्धवट ज्यू नाही, आम्ही तर तुमच्या सणाहूनही जुने आहोत.

हा युक्तिवाद वाचताना कौतुक वाटतं. पण तो टिकतो का?

पहिली अडचण खुद्द दुसऱ्या मक्काबी ग्रंथातच आहे. त्याच्या सुरुवातीला एक पत्र आहे, इ.स.पू. १२४च्या सुमाराचं. जेरुसलेमचे ज्यू इजिप्तच्या ज्यूंना लिहितात की हा सण तुम्हीही पाळा. घटनेला चाळीस वर्षं झाली होती, इजिप्त शेजारीच होतं, आणि तरी पत्र लिहून विनंती करावी लागत होती. म्हणजे सण सुरू झाला त्या दिवशी जगातल्या सगळ्या ज्यूंच्या घरी दिवे लागले असं झालं नाही. तो हळूहळू, पत्रांनी, माणसांनी पसरला. नंतर निघालेल्या एखाद्या जहाजावरच्या लोकांनाही तो माहीत नसणं शक्य आहे.

दुसरी अडचण, विसरणं. ज्यांनी आंबवण्याचं कारण विसरून भांडं झाकणं तेवढं लक्षात ठेवलं, ते एक सण पूर्ण विसरू शकतात. हनुक्काला उपास नाही, कामाला सुट्टी नाही, बायबलमध्ये आधार नाही. फक्त दिवा. माझा आपला एक अंदाज सांगतो: ज्या गावात कार्तिकभर शेजारीपाजारी दिवे लागतात, तिथे आपला वेगळा दिवा कुठला हे दोन-चार पिढ्यांत पुसलं जाऊ शकतं. इथिओपियातल्या ज्यूंनाही जुन्या काळी हनुक्का नव्हता. त्यांच्याबद्दलही असेच युक्तिवाद झाले.

तिसरी अडचण, लेखी पुरावा. ११९९-१२००च्या सुमारास मायमोनिडीस एका पत्रात भारतातल्या अशा ज्यूंचा उल्लेख करतो, ज्यांना शब्बाथ आणि सुंता यापलीकडे धर्म माहीत नाही. ते आपलेच कोकणातले, असं बरेच जण धरतात, पण पत्रात गावाचं नाव नाही. बेने इस्रायल या नावाने त्यांचा स्पष्ट उल्लेख अठराव्या शतकातच मिळू लागतो. आणि चौदा माणसं समुद्रातून किनाऱ्याला लागली ही कथा कोकणात एकट्या बेने इस्रायलांची नाही. परशुरामाने समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांना जिवंत केलं, ही चित्पावनांची कथा तुम्ही ऐकली असेल. एकाच किनाऱ्यावर दोन समाज मूळ सांगताना इतकं सारखं सांगतात, तेव्हा ती गोष्ट नोंद म्हणून न वाचता किनाऱ्याची बोली म्हणून वाचावी लागते.

चौथा पुरावा रक्तातला. २०१६मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा ठळक वाटा दिसला, आणि ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची निघाली. यातून एवढं कळतं की पश्चिम आशियाशी असलेलं नातं ही नुसती दंतकथा नाही. पण केहिमकरांची तारीख त्यातून निघत नाही. सरमिसळ कधी झाली हे जनुक सांगतात, जहाज कधी आलं हे सांगत नाहीत.

म्हणजे हनुक्का नसणं हा पुरावा आहे, पण कशाचा? त्या सणाशी संपर्क नव्हता किंवा तुटला होता, एवढ्याचाच. किती काळ, हे तो सांगत नाही. नसलेल्या गोष्टीला स्वतःची तारीख नसते.

मग दिवा आला कसा?

सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अंमलदार. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. दिवेकर नावाच्या माणसाने बांधलं, पण दिव्यांच्या सणाचं नीट शिक्षण मिळायला अजून अवकाश होता. शिक्षक कोचीनहून आले. तिथल्या ज्यूंकडे ग्रंथपरंपरा अखंड होती. त्यांच्यातल्या श्लोमो सालेम शुराबी यांनी मुंबईत आणि कोकणात वर्षानुवर्षं प्रार्थना आणि विधी शिकवले. १८३२मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले आणि त्यांच्यामागोमाग बगदादी ज्यूंची वस्ती वाढली.

त्याच वेळी दुसरे शिक्षक होते मिशनरी. स्कॉटलंडचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगावात आहे, त्यांनी १८३२मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुलं-मुली मराठीतून जुना करार वाचायला शिकली. मिशनऱ्यांची आशा होती की ती ख्रिस्ती होतील. घडलं उलटंच. आपलं धर्मपुस्तक आपल्याच भाषेत हाती आल्यावर ती आणखी पक्की ज्यू झाली.

पण आता तो मघाचा तपशील आठवा. मक्काबींचे ग्रंथ हिब्रू बायबलमध्ये नाहीत. प्रोटेस्टंट लोकही त्यांना धर्मग्रंथ मानत नाहीत. लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने तर १८२६मध्येच ठरवलं की अशा ग्रंथांसाठी आपला पैसा जाणार नाही. त्यामुळे मराठी जुन्या करारात एस्तेर राणी सापडे आणि होळीच्या सणाला पुरीमचा अर्थ मिळे, पण यहुदा मक्काबी तिथे सापडणं शक्यच नव्हतं. हनुक्का पुस्तकातून येणार नव्हता, तो माणसांच्या हातूनच येणार होता. आला तोही तसाच: कोचीनच्या शिक्षकांकडून, बगदादी शेजाऱ्यांकडून आणि पुढे जोसेफ इझेकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी मराठीत आणलेल्या प्रार्थनापुस्तकांतून.

लंडनचाही यात हात आहे. डॉ. जेरुशा झिराड पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला वैद्यक शिकल्या. तिथे त्यांचा क्लॉड मॉन्टेफिओरे यांच्या उदारमतवादी ज्यू विचारांशी परिचय झाला. परतल्यावर मुंबईत नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, आणि १९२५मध्ये त्यांनी ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. परदेशात शिकायला गेलेली एक मराठी मुलगी डिग्रीसोबत आपलाच धर्म नव्याने शिकून आली. तुमच्यापैकी काहींना हे ओळखीचं वाटेल.

जेव्हा यादी तपासली गेली

कुणी म्हणेल, एक सण होता की नव्हता, एवढं काय त्यात? तर ऐका. १९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने असा आदेश काढला की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांची आजी-पणजीपर्यंतची वंशावळ तपासावी. शेकडो वर्षं घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्यांना सांगितलं गेलं, आधी सिद्ध करा. विवाह आणि घटस्फोटाचे ज्यू कायदे यांना माहीत नव्हते, मग यांची लग्नं कशी धरायची, असा आक्षेप होता. म्हणजे पुन्हा तीच यादी: तुमच्याकडे काय नव्हतं?

समाजाने निदर्शनं केली, उपोषणं केली. १९६४मध्ये इस्रायलच्या सरकारला आणि संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि आदेश बदलला गेला. केहिमकरांचा युक्तिवाद इतिहास म्हणून कच्चा असेल, पण तो कशासाठी होता हे इथे कळतं. दुसऱ्यांनी आपली उणीव मोजायच्या आत त्यांनी तिला अभिमानाचं कारण बनवून ठेवलं होतं.

त्यांचा स्वतःचा हिवाळी सण

शेवटी एक गोष्ट राहिली. बेने इस्रायलांकडे हनुक्का नव्हता, पण हिवाळ्यातला सण नव्हता असं मात्र नाही. पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमाराला ज्यू पंचांगात तू बिश्वत हा झाडांचा वाढदिवस येतो. जगात इतरत्र या दिवशी फळं खातात, झाडं लावतात. कोकणातले ज्यू त्या दिवशी अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांची आणि घोड्यांच्या टापांची खूण आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, इथे उतरला आणि इथूनच पुन्हा स्वर्गात गेला अशी श्रद्धा. नवस फेडायचे, आणि ‘मलिदा’ करायचा: भिजवलेले गोड पोहे, खोवलेला नारळ, वर फळं आणि फुलं, आणि हिब्रू प्रार्थना. या दिवसाला ते एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतात. सण ज्यू, नाव मुसलमानी वळणाचं, ताटात पोहे. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजाकडे हे असं नाही.

आज मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायल घरांत हनुक्काचे दिवेही लागतात, काही ठिकाणी खोबरेल तेलात भिजवलेल्या वातींचे. आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या घरांत मलिदाही होतो. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. नव्याने शिकलेलं आणि जुनं सांभाळलेलं शेजारी शेजारी नांदतं. त्यातलं कोणतं जास्त खरं, असं विचारणारा तिथे पाहुणा असतो, घरचा नसतो.

आता लंडनला परत या. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना १९३२ची. म्हणजे या शहरात मराठी सण साजरे होऊ लागल्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. आपणही इथे यादी करतच आहोत. गणपती राहिला, सोयीच्या शनिवारी. दिवाळी राहिली. पोळा गेला, कारण बैल नाहीत. नागपंचमीचं वारूळ गेलं. संक्रांतीचा तिळगूळ टपालाने येतो. दोनशे वर्षांनी एखादा संशोधक ही यादी हातात घेऊन म्हणेल की यांना पोळा माहीत नाही, म्हणजे हे पोळा सुरू होण्याआधीच महाराष्ट्रातून निघाले असणार.

तेव्हा तुमच्या खापरपणतीने त्याला काय उत्तर द्यावं, याचा विचार आत्तापासून करून ठेवायला हरकत नाही. तोवर या डिसेंबरात मित्राने डोनट पुढे केला की घ्या, आणि त्याला शनवार तेल्यांची गोष्ट सांगा. त्यालाही ती बहुधा माहीत नसेल.